लिंबूटिंबू कोणाला म्हणावं?

प्रश्न असा आहे: कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटाचा फुटबॉल संघ २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा ‘लिंबूटिंबू क्युरासाओची कमाल’ अशा धर्तीचं काहीतरी वाचनात आलं. पात्रता फेरी खेळून विश्वचषकात पोचलेल्या संघाला लिंबूटिंबू म्हणणं बरोबर आहे का? आणि जाता जाता, फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, संघांची जी यादी काढते तिला क्रमवारी म्हणायचं की मानांकन?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सरळ ‘नाही’ असं आहे. मात्र त्याचं कारण शब्दातच दडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिंबूटिंबू हा पोरांच्या खेळातला शब्द. पकडापकडीत एखादं धाकटं भावंड मागे लागतं, ‘मलापण घ्या’ म्हणून भोकाड पसरतं. मग त्याला घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून. ते सगळ्यांबरोबर धावतं, ओरडतं, पण त्याला कुणी शिवलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. म्हणजे ते खेळात आहे आणि हिशेबात नाही. शब्दाची गंमत सगळी या ‘हिशेबात नाही’मध्ये आहे. (रूपाचीही एक गंमत आहे. आपण एरवी नादासाठी ‘बि’ जोडतो: पाणीबिणी, चेंडूबिंडू. त्या चालीवर लिंबूबिंबू म्हटलं तर लिंबं आणि तसलंच आणखी काही, एवढाच अर्थ होतो. ‘टिं’ आला की फळ जातं आणि पोर येतं.)

अंगणातून हा शब्द क्रीडापानावर आला तो मुख्यतः क्रिकेटच्या वाटेने. केनिया, नेदरलँड्स, आयर्लंड, कसोटी दर्जा मिळाल्यानंतरही कितीतरी वर्षं बांगलादेश, या सगळ्यांना आपण सर्रास लिंबूटिंबू म्हणत आलो. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की देशाच्या आकाराशी तिचा काही संबंध नाही. बांगलादेशची लोकसंख्या १७ कोटींच्या आसपास आहे. तिथे लिंबूटिंबू म्हणजे ‘यांच्याविरुद्धचे गुण धरूनच चाला’. १७ मार्च २००७ रोजी ते धरलेले गुण दोन ठिकाणी सुटले: पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने भारताला हरवलं आणि किंग्स्टनला आयर्लंडने पाकिस्तानला. क्युरासाओनेही विश्वचषकाचं तिकीट किंग्स्टनमध्येच काढलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये जमैकाला ०-० असं रोखून. योगायोग, बाकी काही नाही.

फुटबॉलच्या बातम्यांत हा शब्द आला आणि घोटाळा सुरू झाला. तिथे त्याचा अर्थ ‘छोट्या देशाचा संघ’ असा होऊ लागला. क्युरासाओची लोकसंख्या सुमारे दीड लाख, आजवर विश्वचषकाला पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी. म्हणून लिंबूटिंबू. पण क्रमवारीत हा संघ भारताच्या खूप वर आहे, आणि आपली लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. आकारावरून नाव ठेवायचं तर आइसलँडही लिंबूटिंबू ठरेल. तेव्हा साडेतीन लाखांहून कमी लोकवस्ती असलेल्या या देशाने २०१६ च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत, इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. त्या सामन्यात मेस्सीची पेनल्टी त्यांच्या गोलरक्षकाने अडवली होती. हाच देश २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हँडबॉलचं रौप्य घेऊन गेला होता. क्रोएशियाची वस्ती ४० लाखांच्या आसपास, आणि २०१८ चा उपविजेता, २०२२ चा तिसरा. उरुग्वे तर त्याहून लहान, आणि विश्वचषकाचा दोन वेळचा विजेता.

दुसरी अडचण अशी की देश तोच राहतो आणि खेळ बदलला की शब्द लटका पडतो. फिजी हे माझं आवडतं उदाहरण. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीचा पुरुष फुटबॉल संघ होता. दक्षिण कोरियाकडून ०-८, मेक्सिकोकडून १-५, जर्मनीकडून ०-१०. याला लिंबूटिंबू म्हणालात तर मी भांडणार नाही. पण त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच झेंड्याखाली फिजीचा रग्बी सेव्हन्सचा संघ अंतिम सामन्यात उतरला आणि ब्रिटनला ४३-७ असं लोळवून सुवर्ण घेऊन गेला. देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. पुढे टोकियोतही सुवर्ण त्यांचंच. आता ‘लिंबूटिंबू फिजी’ म्हणायचं की नाही? म्हणून विशेषण देशाला जोडू नये, संघाला जोडावं, आणि खेळाचं नाव घेऊन जोडावं.

सॅन मारिनोचं प्रकरण आणखी मजेशीर. इटलीने चहूबाजूंनी वेढलेला हा देश, सुमारे ३४ हजार वस्ती, फुटबॉलच्या जागतिक क्रमवारीत वर्षानुवर्षं तळाला. २००४ मध्ये लिश्टेनश्टाइनला १-० असं हरवलं, आणि पुढचा विजय बघायला २० वर्षं लागली. तोही लिश्टेनश्टाइनविरुद्धच, सप्टेंबर २०२४ मध्ये. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये याच देशाने तीन पदकं नेली, दोन नेमबाजीत आणि एक कुस्तीत. कुस्तीतलं आपल्याला विसरता येणार नाही. कांस्यपदकाच्या लढतीत आपला दीपक पुनिया पुढे होता, आणि अखेरच्या काही सेकंदांत ज्याने गुण काढून ४-२ अशी कुस्ती मारली तो माइल्स अमीन सॅन मारिनोचा. त्या संध्याकाळी लिंबूटिंबू कोणाला म्हणायचं होतं? आणि ज्या लिश्टेनश्टाइनला फुटबॉलमध्ये सॅन मारिनोकडून हार खावी लागली, त्याच्या खात्यावर हिवाळी ऑलिंपिकची दहा पदकं आहेत, सगळी अल्पाइन स्कीइंगमधली.

आता मूळ अर्थाकडे, म्हणजे हिशेबाकडे येऊ. फिफा कोणालाच लिंबूटिंबू म्हणून खेळवत नाही. २०१८ पासून तिची पद्धत अशी: दोन संघांच्या गुणांतलं अंतर बघून आधी अपेक्षित निकाल काढायचा, आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा तितके गुण एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचे. समजा दोघांत ६०० गुणांचं अंतर आहे आणि सामना विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा आहे. दुबळा संघ हरला तर त्याचे जेमतेम सव्वादोन गुण जातात. जिंकला तर जवळजवळ पावणेतेवीस मिळतात. ०-१ ने हरा की ०-१० ने, गुण तेवढेच जातात. म्हणजे राज्य येतं, पण फार वेळ राहत नाही. उलट बाजूही आहे. नेशन्स लीग या युरोपातल्या संघांच्या स्पर्धेत गटातल्या सामन्याचं वजन कमी धरलेलं आहे, त्यामुळे एका विजयातून १५ गुणांच्या वर मिळूच शकत नाहीत. म्हणून २०२४ मध्ये लिश्टेनश्टाइनला दोनदा हरवून, गटात पहिलं येऊन, वरच्या लीगमध्ये जाऊनही सॅन मारिनो क्रमवारीत तळालाच राहिला. हे मला अन्यायाचं वाटतं, पण गणित आहे.

शब्दाच्या खऱ्या अर्थाने लिंबूटिंबू शोधायचेच असतील तर ते ग्वादेलूप आणि मार्टिनिक. हे दोघे कॅरिबियन बेटांवरचे फ्रेंच प्रांत. त्यांच्या खंडाच्या फुटबॉल संघटनेचे ते सदस्य आहेत, फिफाचे नाहीत. त्यामुळे गोल्ड कप ही खंडाची स्पर्धा खेळतात, पण विश्वचषकाची पात्रता फेरी त्यांना नाही आणि जागतिक क्रमवारीत नावही नाही. खेळात आहेत, हिशेबात नाहीत. तरी २००७ च्या गोल्ड कपमध्ये ग्वादेलूपने उपांत्य फेरी गाठली होती.

यावरून एक पोटमुद्दा: ‘छोटी राष्ट्रं’ हा शब्दही इथे जपून वापरावा. ग्वादेलूप राष्ट्र नाही, क्युरासाओ नेदरलँड्सच्या राज्याचा भाग आहे, फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात आहेत. फेरोचा फुटबॉल संघ फिफात आहे, ऑलिंपिकमध्ये मात्र तिथले खेळाडू डेन्मार्ककडून उतरतात. ‘संघ’ म्हटलं की कुठेच अडत नाही. आकार सांगायचा असेल तर ‘चिमुकला’ आहे, ताकद सांगायची असेल तर ‘दुबळा’ किंवा ‘नवखा’. क्युरासाओला ‘चिमुकला’ शोभतं.

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात. फिफा जी यादी काढते ती क्रमवारी. मानांकन म्हणजे एखाद्या स्पर्धेपुरतं ठरवलेलं स्थान, टेनिस-बॅडमिंटनमध्ये ‘अव्वल मानांकित’ म्हणतो ते. विश्वचषकाचा ड्रॉ काढताना क्रमवारीवरून संघांचे पॉट, म्हणजे गट ठरवण्यासाठीच्या चिठ्ठ्यांचे वेगवेगळे डबे, पाडतात, तिथे मानांकन म्हणायला हरकत नाही, बाकी ठिकाणी क्रमवारीच. फक्त ‘क्रमांक वाढला’ असं लिहू नका, कारण १८ चा २५ झाला तरी आकडा वाढतोच. आइसलँड २०१२ मध्ये १३१ व्या स्थानी होता आणि २०१८ मध्ये १८ व्या. याला क्रमवारीतली झेप म्हणा, आणि त्यानंतर जे झालं त्याला घसरण.