मशीन खरं की लॅब? दोन मशिनं आणि तीन आकडे

"ताई, मशीन खोटं बोलून राह्यलं का लॅबवाला? मी कोनाचं आयकू?"

वरुड तालुक्यातल्या एका मावशींनी खुर्चीत टेकता टेकता हे विचारलं आणि पिशवीतून शुगर तपासायची दोन मशिनं (ग्लुकोमीटर) अन् लॅबचा एक रिपोर्ट टेबलावर मांडला. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) वय 58, शुगर जुनी, दोन वेळा इन्सुलिन. आदल्या संध्याकाळी जेवणाआधी जुन्या मशीनवर 286 आलं. मुलाने पुण्याहून आणलेल्या नव्या मशीनवर दहा मिनिटांनी 241. सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये 148. हा प्रश्न आमच्याकडे रुग्णालयात आठवड्यातून दोनदा तरी येतो. या वेळी मात्र प्रकरण आकड्यांपुरतं नव्हतं. 286 पाहून मावशींनी रात्रीचं इन्सुलिन 10 ऐवजी 14 युनिट घेतलं होतं. रात्री अडीचला अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथर. सुनेने गुळाचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

पहिली गोष्ट, संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा उपाशीपोटीचा आकडा एकमेकांशी ताडता येत नाहीत. शुगर तासातासाला बदलते. तरीही 286 आणि 241 हे दोन आकडे दहाच मिनिटांच्या अंतराने आले होते, त्याचं कारण शोधायला हवं होतं.

फेब्रुवारीचा शेवट, संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी चालू. मावशी दिवसभर संत्री निवडायच्या कामावर होत्या. फुटकं फळ बाजूला काढताना रस बोटांना लागतो, सुकतो, दिसेनासा होतो. आमच्याकडे येतानाही बसमध्ये त्यांनी एक संत्रं सोललं होतं. आम्ही हात तसेच ठेवून नव्या डबीतल्या पट्टीवर तपासलं: 234. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून, त्याच मशीनवर: 171. मावशी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिल्या.

यात जादू काही नाही. पट्टी अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं रक्त ओढते. संत्र्याच्या रसात ग्लुकोजचं प्रमाण रक्ताच्या दहापटीहून जास्त असतं. एवढ्याशा थेंबात रसाचा अंश मिसळला तरी आकडा पन्नास-शंभरने चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की झालं असं पुष्कळांना वाटतं, पण सुकलेला रस त्याने नीट निघत नाही. पाणी आणि साबणच लागतो. त्या संध्याकाळी दुसऱ्या तपासणीआधी मावशींनी बोट पदराला पुसलं होतं, म्हणून 241 आलं असावं. सगळ्यात घातक भाग वेगळाच आहे: शुगर खरोखर 60 वर उतरली असेल आणि बोटाला गूळ किंवा रस असेल, तर मशीन 130 दाखवून धोका झाकून टाकतं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असेल आणि हात धुण्याइतकी सवड नसेल, तर आकड्याची वाट न पाहता तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. 15 मिनिटांनी हात धुऊन तपासा. अजूनही 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

मग पट्ट्या पाहिल्या. मावशींनी डबीतून दहा पट्ट्या काढून प्लास्टिकच्या पुडीत बांधल्या होत्या आणि पुडी इन्सुलिनसोबत ठेवली होती. इन्सुलिन त्यांनी अगदी बरोबर ठेवलं होतं: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली. फ्रीज नसलेल्या घरात हा चांगला उपाय आहे. पण इन्सुलिनला गारवा लागतो आणि पट्टीला कोरडेपणा. पट्टीवर एन्झाइमचा थर असतो, ओल लागली की तो बिघडतो. डबीच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते, म्हणून पट्टी डबीतून काढली की लगेच वापरायची आणि झाकण लगेच लावायचं. पुडीतल्या पट्टीवर, धुतलेल्याच हाताने, 203 आलं. बिघडलेली पट्टी कधी जास्त दाखवते, कधी कमी. तिचा भरवसा नाही. बहुतेक पट्ट्यांना 30 अंशांपर्यंतचं तापमान चालतं, डबीवर लिहिलेलं असतं. टिनाच्या छपराखाली, टीव्हीवर, चुलीजवळ किंवा मोटरसायकलच्या डिकीत डबी नको. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढताच आत दव धरतं.

त्याच वेळी नसेतून घेतलेलं रक्त रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 162 आलं. धुतलेल्या हाताचे 171 आणि हे 162, दोन्ही खरे. शुगरच्या मशीनसाठीच्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार 100 आणि त्यावरच्या शुगरला 15 टक्के, 100 च्या खाली 15 एमजी इतका फरक चालतो, तोही 95 टक्के तपासण्यांत. 162 चे 15 टक्के म्हणजे 24. 138 ते 186 मध्ये काहीही आलं तरी मशीन पास. लॅबचा आकडाही दरवेळी निर्दोष नसतो. गावात सकाळी घेतलेला नमुना तालुक्याला पोचेपर्यंत तीन तास गेले, आणि तो फ्लोराइडच्या, म्हणजे राखाडी झाकणाच्या नळीत नसेल, तर रक्तपेशी साखर खात राहतात. तासाला साधारण 5 ते 7 टक्के घट होते. म्हणून जुळवणी करायची तर उपाशीपोटी, नमुना देताना तिथेच, पाच मिनिटांच्या आत बोटाची तपासणी करा.

मावशींचं हिमोग्लोबिन 8.4 होतं. त्याची तिप्पट केली की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते, अंदाजे 25 निघतं. जुन्या मशीनच्या माहितीपत्रकात 30 ते 55 ही मर्यादा छापली होती. लाल पेशी कमी असल्या की मशीन शुगर जास्त दाखवतं. विदर्भात रक्तक्षय (हिमोग्लोबिन कमी असणं) आणि सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) कमी नाहीत, तेव्हा मशीन घेताना हिमॅटोक्रिटची मर्यादा खाली 20 पर्यंत आहे का, हे आम्ही आवर्जून पाहायला सांगतो. अशा माणसाच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर, एचबीएवनसीवर, एकट्यावर विसंबू नका. मुलाने आणलेल्या मशीनची मर्यादा 20 ते 60 होती, म्हणून तेच ठेवलं.

बाकी निवड पट्ट्यांवर करा. मशीन एकदा घ्यायचं असतं, पट्ट्या जन्मभर. गावच्या मेडिकलमध्ये कोणती पट्टी बारा महिने मिळते, हे आधी विचारा. डबी उघडल्यावर किती दिवस चालते हेही वाचा. मावशी आठवड्यातून तीनदा तपासतात. 50 ची डबी त्यांना जवळजवळ चार महिने पुरते, आणि त्यांच्या पट्टीची मुदत उघडल्यापासून तीन महिने. 25 ची डबी महाग पडते असं वाटतं, पण शेवटच्या दहा-बारा पट्ट्या वाया जात नाहीत. अंक मोठे असावेत. घड्याळाची तारीख-वेळ पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर मेमरी डॉक्टरांच्या कामाची राहत नाही.

कापूस वेचून घट्ट झालेल्या बोटातून रक्त येत नाही म्हणून लोक बोट पिळतात, त्याने थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं. कोमट पाण्याने धुवा, हात खाली सोडून झटका, बोटाच्या कडेला टोचा, टोचायच्या पेनची खोली एक अंक वाढवा. सुई दुसऱ्या माणसाला कधीच वापरू नका, घरच्यांनाही नाही. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून उपकेंद्रात द्या.

डॉक्टरांनी इन्सुलिन पुन्हा 10 वर आणलं. स्वतःहून डोस बदलायचा नाही, हे मावशींनी सुनेसमोर कबूल केलं.

मे महिन्यात त्या परत आल्या. भर दुपारी, बसने. मशीनवर थर्मामीटरचं चिन्ह आलं होतं, त्या घाबरल्या होत्या. मशीन पिशवीत तापलं होतं, एवढंच. सावलीत, कूलरच्या झोतापासून दूर, अर्धा तास ठेवलं. तोवर मावशींनी न सांगता नळावर जाऊन हात धुतले, पदराऐवजी पिशवीतल्या स्वच्छ फडक्याला पुसले आणि डबीचं झाकण लावूनच बोट पुढे केलं. 152 आलं.