लेंड्या बघितल्या का?

परीक्षा संपल्या की दरवर्षी माझ्याकडे तोच सीन असतो, एक बाबा, एक रडवेलं पोरगं आणि बुटाच्या खोक्यात ससा. पास झाल्याबद्दल आणलेला. या वेळी तुमची पत्रंही जवळजवळ सगळी सशांची आणि गिनीपिगचीच आलीत, तेव्हा कुत्री-मांजरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा थांबा, रागावू नका.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमच्याकडे दीड वर्षाचा पांढरा ससा आहे, नाव बर्फी. परवा पाहुणे आले होते, सगळ्यांनी लाडालाडात त्याला काही ना काही भरवलं, पोळी, ग्लुकोज बिस्किट, आजोबांनी तर पोह्यांवरची सेव पण दिली. काल दुपारपासून तो काहीच खात नाहीये, कोपऱ्यात पाठ वर काढून बसलाय आणि दात करकर वाजवतोय. शेजारच्या काकू म्हणतात अजीर्ण झालंय, एक दिवस लंघन होऊ द्या. थांबू का? – सुदामा नगर, इंदूर

ताई, तुमचा मेसेज वाचला त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, त्यामुळे पुढचं उत्तर तुमच्यापेक्षा बाकीच्यांसाठी जास्त आहे.

लंघन आपल्याला ठीक. सशाला नाही, कधीच नाही. त्याचं पोट म्हणजे सतत चालू राहणारी गिरणी आहे, वरून गवत पडत राहिलं पाहिजे तरच खालचं पुढे सरकतं. पोळी-बिस्किटाचं पीठ, साखर, तेल आत गेलं की आतड्यातल्या जिवाणूंचा ताळमेळ बिघडतो, गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजूनच थंड पडतं. सशाला उलटी होत नाही, म्हणजे वरचा रस्ताही बंद. दात करकर वाजवणं म्हणजे दुखणं. कुशीत घेऊन कुरवाळताना हळूच दात घासतो ते सुखाचं, पण ते वेगळं, दोन्ही एकदा ऐकलं की परत चूक होत नाही.

माझा हिशेब सोपा आहे. दहा-बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, की डॉक्टर. रात्र असली तरी. सकाळपर्यंत वाट बघून आणलेले ससे मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातले सगळे परत घरी गेले नाहीत.

बर्फीचं पोट हाताला मऊ कणकेसारखं लागत होतं, कान गार पडले होते. आधी त्याला ऊब दिली, कातडीखाली सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, आतडं चालायचं औषध, आणि मग गवताच्या गोळ्या भिजवून केलेली पातळ पेज सिरिंजने तोंडाच्या बाजूने थोडी थोडी. पण हे ऐकून कोणी घरी लगेच सिरिंज हातात घेऊ नका, कारण पोट ढोलकीसारखं ताठ असेल तर आत काहीतरी अडकलेलं असू शकतं आणि तेव्हा जबरदस्तीने भरवणं म्हणजे मरणच. आधी कोणीतरी हात लावून बघायलाच हवं.

रात्री साडेतीनला आजोबांनी मला एक फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर मिऱ्याएवढी एक लेंडी, आणि खाली एकच शब्द, "आली". सेव देणारे पण तेच आणि रात्रभर जागणारे पण तेच, म्हणून मी त्यांना जास्त बोलले नाही.

आता रोजचं. सशाच्या खाण्यात पाचातले चार हिस्से तरी वाळलेलं गवत हवं. बाकीच्यात पालेभाजी आणि अगदी थोड्या खाद्याच्या गोळ्या. दूर्वा उत्तम, फक्त बागेत फवारणी होत असेल तिथल्या नकोत. लसूणघास लहान पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. आणि गवत पोटापुरतंच नाही, दातांसाठीही लागतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, गवत चावूनच ते झिजतात. हनुवटी ओली राहते, गाजराकडे धावतो पण चावताना सोडून देतो, असं दिसलं तर आतले दात टोकदार होऊन जिभेला-गालाला लागत असतात. ते टॉर्चने दिसत नाहीत, तपासूनच घ्यावे लागतात.

आणि रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या बघा. हरभऱ्याएवढ्या, गोल, पिवळसर-तपकिरी, चुरल्या तर आत गवताचा भुसा, म्हणजे सगळं ठीक. लहान झाल्या, कमी झाल्या, केसात ओवलेल्या माळेसारख्या निघाल्या, तर ससा तुम्हाला काहीतरी सांगतोय. तोंडाने तो सांगणार नाही, कोल्ह्या-लांडग्यांपासून लपून जगलेली जात ती, आजार शेवटपर्यंत लपवते.

प्रश्न : आमची गिनीपिग, नाव मिरची, आधी दुपारी उड्या मारायची, आता आठ-दहा दिवस झाले हलतच नाही, उचललं की किंचाळते. पडली वगैरे नाही. खाणं म्हणाल तर काकडी आणि सशाच्या गोळ्या, दुकानदार म्हणाला दोघांचं सेमच असतं. – रामबाग, इंदूर

सेम नसतं ना काका! इथेच घोळ आहे. ससा आपलं व्हिटॅमिन सी स्वतः तयार करतो, गिनीपिगला ते जमत नाही, तुम्हा-आम्हालाही जमत नाही. म्हणून सशाच्या गोळ्यांत ते घालायची कोणाला गरज वाटत नाही, आणि काकडीत तर बहुतेक पाणीच. दोन-तीन आठवडे असं गेलं की स्कर्व्ही. गुडघे सुजतात, सांध्यात आत रक्त झिरपतं, हिरड्या दुखतात, केस राठ होतात आणि हात लावला की किंचाळते. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तोच हा आजार, आणि त्याचा उलगडा व्हायलासुद्धा गिनीपिगच कामी आले, १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रॉलिश यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही करून दाखवला होता.

मिरचीला आधी दाखवून घ्या, पाय मोडला नाहीये ना, दातांचं काही नाही ना हे बघायला हवं. औषधाचा डोस डॉक्टर वजनावर ठरवतील, साधारण किलोला रोज दहा मिलिग्रॅम लागतं आणि आजारी किंवा गाभण असेल तर तीसपर्यंत. पाण्यात थेंब टाकायच्या भानगडीत पडू नका, उजेडात ते लवकर निकामी होतं, शिवाय चव बदलली की ती पाणीच कमी पिते. त्यापेक्षा रोज शिमला मिरचीची एक फोड, मूठभर कोथिंबीर, मधूनमधून पेरूचा किंवा आवळ्याचा छोटा तुकडा. सगळं कच्चं. मुरांबा नाही, तो मागच्या महिन्यात एकांनी दिला होता! पालक कधीतरीच द्या, रोज नको, गिनीपिगला मूतखडा पटकन होतो. गोळ्या घ्याल तर गिनीपिगच्याच घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा, जुन्या झाल्या की त्यातलं सी उडून जातं. औषध सुरू झालं की आठवड्याभरात फरक दिसायला लागेल.

प्रश्न : सशाची लघवी आज एकदम लाल झाली, रक्त आहे का? – लोकमान्य नगर

बहुतेक नाही. सशाची लघवी पिवळी, केशरी, विटकरी कशीही होते, खाण्यातल्या रंगांमुळे, बीट नाही दिलं तरी. एक-दोन दिवसात आपोआप जाते. पण जोर करत असेल, थेंब थेंब होत असेल, किंवा चार-पाच वर्षांची मादी असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर नक्की दाखवा, त्यांच्यात गर्भाशयाचा कॅन्सर बराच दिसतो. गिनीपिगची लघवी लाल झाली तर मात्र थांबायचंच नाही.

प्रश्न : सशाच्या कानात भुऱ्या खपल्यांचे थर जमलेत, सारखं डोकं झटकतो. घरी कुत्र्याचा गोचिडाचा स्प्रे आहे, तो मारू का? आणि मुलाचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप थोडं दिलं तर चालेल का?

दोन्ही नाही. हात जोडून सांगते.

कानात गोचीड नाहीत, खरजेचे बारीक किडे आहेत. खपल्या ओढून काढू नका, खाली कच्चं मांस असतं, रक्त येतं आणि ससा जन्मभर तुम्हाला कानाला हात लावू देत नाही. वजनावर मोजून दिलेलं इंजेक्शन किंवा मानेवर टाकायचे थेंब, दोन आठवड्यांनी परत, की खपल्या आपोआप गळून पडतात. घरात दुसरा ससा असेल तर त्यालाही सोबत द्यायचं. कुत्र्यांच्या बऱ्याच स्प्रेमध्ये फिप्रोनिल असतं, त्याने सशाला झटके येतात, जीवही जातो.

सिरपचं तर विचारूच नका. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक माणसाच्या बाळाला चालतं पण ससा किंवा गिनीपिगच्या तोंडात गेलं की पोटातले चांगले जिवाणू मारतं, वाईट वाढतात, जुलाब सुरू होतात आणि तीन-चार दिवसात सगळं संपतं. मी नवीन असताना एक आई अशी आली होती, शिंकत होता म्हणून फक्त अर्धा चमचा दिला हो, असं परत परत सांगत होती. मला काहीच करता आलं नाही. अजून आठवतं. या दोघांना चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी असतात, म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी फोनवर विचारा, ससे बघता का? नाही म्हणाले तर त्यात त्यांचा कमीपणा काही नाही. महूला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथेही चौकशी करून बघा.

प्रश्न : उन्हाळ्यात पिंजरा गॅलरीत ठेवला तर चालेल का, रात्री छान वारा असतो.

शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची छान गार रात्र, म्हणून आपण मिरवतो ते खरंय, पण रात्रीचा पिंजरा सकाळी आत घ्यायचा राहून जातो आणि अकरा वाजता गॅलरीचा तवा होतो. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांतून बाहेर पडते, अठ्ठावीस-तीस डिग्रीच्या वर त्याला आणि गिनीपिगला दोघांनाही जड जातं. नुसती फरशी, सावली, आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली टेकायला द्या. तोंड उघडून धापा टाकत असेल तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि निघा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझा ससा रात्री स्वतःचीच शी खातो. आई म्हणते घाणेरडा आहे. तो आजारी आहे का?

नाही रे बाळा, तो एकदम हुशार आहे. त्याच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक कोरड्या, त्या तो सोडून देतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या, त्यात व्हिटॅमिन आणि प्रोटीन उरलेलं असतं म्हणून तो त्या परत खातो. गाय रवंथ करते ना, तसंच थोडंसं. उलट त्या मऊवाल्या पिंजऱ्यात तशाच पडलेल्या दिसल्या तर मला कळव, म्हणजे त्याला गोड खाऊ जास्त होतोय, किंवा पाठ दुखतेय म्हणून वाकता येत नाहीये. आईला हे वाचून दाखव. आणि पिंजरा साफ केल्यावर तू साबणाने हात धुतोस की नाही, ते पण लिही.