फिप्रोनिल, गाबा आणि मेंदूतलं कॅल्शियम

प्रश्न : आमच्याकडे पराटीवर (कापसावर) फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल मारतात. ते ‘गाबा’ अडवतं आणि मेंदूच्या पेशींत कॅल्शियम वाढतं, असं वाचलं. विषबाधेत झटके येतात ते त्यामुळेच का? मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गोळ्यांचा इथे काही संबंध नाही. प्रश्न रक्तातल्या कॅल्शियमचा नाही, पेशीच्या दारांचा आहे. चेतापेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कॅल्शियम असतं. दार किलकिलं झालं की ते आत घुसतं. ही दारं विजेच्या दाबावर उघडतात. शांत पेशीत हा दाब उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असतो. गाबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारा रासायनिक संदेश. तो आपल्या ‘ए’ ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर, बसला की क्लोराइडची वाट उघडते आणि उत्तेजक संदेश आला तरी दाब फारसा चढत नाही. एनएमडीए नावाच्या दाराला तर मॅग्नेशियमचं बूच असतं. दाब चढल्याशिवाय ते निघतच नाही. गाबाचा ‘बी’ ग्राही संदेश सोडणाऱ्या टोकावरची कॅल्शियमची दारं थेट आवरतो.

फिप्रोनिल त्या क्लोराइडच्या वाटेतच अडकून बसतं. गाबा असतो, पण त्याचं चालत नाही. मग शेजारपाजारच्या पेशी एकदम पेटतात, प्रत्येकीत कॅल्शियम उसळतं, त्याने आणखी संदेश सुटतात. हाच झटका. किड्याच्या ग्राहीला हे औषध माणसाच्या ग्राहीपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं, म्हणून ते कीटकनाशक ठरलं. पण पोटात जास्त गेलं तर माणसालाही सोडत नाही. तोंडाने नोजल फुंकायची सवय म्हणूनच वाईट.

झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. मीठपाणी पाजून उलटी करवू नका; झटक्यात ती श्वासनलिकेत जाते. कपडे काढून अंग साबणाने धुवा. दवाखान्यात डायझेपाम किंवा लोराझेपाम ही झटके थांबवणारी औषधं शिरेतून देतात. अजून मोकळ्या असलेल्या ग्राहींवर गाबाचा जोर त्याने वाढतो. फिप्रोनिलवर नेमका उतारा नाही. अॅट्रोपिन हा उतारा आहे तो प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांसाठी. पंपात दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही बाटल्या डॉक्टरांपुढे ठेवा, नाहीतर अर्धाच उपचार होईल. शरीरात फिप्रोनिलचं सल्फोन नावाचं दुसरं रसायन बनतं आणि ते रेंगाळतं, त्यामुळे एक झटका थांबला म्हणून लगेच सुटी मागू नका.