गुडघ्यामुळे खेळ सुटला, तर खालच्या लीगमधला खेळाडू चांगला कोच होऊ शकतो का?

होऊ शकतो. तुम्ही लिहिलंय की जिल्हा फुटबॉल लीगच्या वर कधी खेळला नाहीत, आता गुडघाही साथ देत नाही, मग कोच म्हणून आपल्याला विचारणार कोण? मी कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून बचावात खेळलो आणि आता पोरांना शिकवतो. असा प्रश्न कुणी विचारला की मी एडी हाऊची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, म्हणून तो आपल्याला माहीत आहे, पण त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द बहुतेक बोर्नमथ या क्लबमध्ये, इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये गेली. तोही बचावपटूच. २००२ मध्ये पोर्ट्समथ क्लबने त्याला घेतलं आणि तिथे गुडघा गेला. त्या क्लबकडून लीगचे फक्त दोन सामने झाले. २००४ मध्ये त्याला परत आणायला बोर्नमथकडे पैसे नव्हते, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून दोन-चार दिवसांत २१ हजार पौंड उभे केले! आपल्याकडे तालमीच्या संघासाठी पेठ उभी राहते ना, अगदी तसंच.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढचं आहे. अजून खेळत असतानाच, २००६ मध्ये, क्लबने त्याच्याकडे राखीव संघ सोपवला. पुढच्या वर्षी गुडघ्यामुळे खेळ थांबला, पण तोवर त्याला शिकवण्याची सवय लागली होती.

२००८-०९ चा हंगाम बोर्नमथने इंग्लंडच्या लीगच्या चौथ्या पातळीवर, उणे १७ गुणांनी सुरू केला. आर्थिक दिवाळखोरीची शिक्षा होती ती. ३१ डिसेंबरला मॅनेजरला काढलं, संघ तळातून दुसरा होता, आणि तात्पुरती जबाबदारी ३१ वर्षांच्या हाऊवर आली. पहिले दोन्ही सामने हरला, तरी क्लबने त्याला कायम केलं. या निर्णयाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे दोन पराभवांनंतर कोचकडे कुणी बघतही नाही. मग त्याने स्टीव्ह फ्लेचर या आपल्या जुन्या सहकाऱ्याला परत बोलावलं. एप्रिलमध्ये ग्रिम्सबीविरुद्ध २-१ ने जिंकून संघ लीगमध्ये टिकला, आणि विजयी गोल ३६ वर्षांच्या फ्लेचरचाच होता. कोणता माणूस अजून कामाचा आहे हे हाऊला ठाऊक होतं, कारण त्याच ड्रेसिंग रूममध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मध्ये बर्नली क्लबला जाऊन आला, २०१५ मध्ये बोर्नमथला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर नेलं, आणि मार्च २०२५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर लिव्हरपूलला २-१ ने हरवून न्यूकॅसलला लीग कप मिळवून दिला. त्या क्लबला देशातली मोठी ट्रॉफी १९५५ नंतर पहिल्यांदाच मिळाली.

खालच्या लीगमध्ये खराब मैदान, अपुरे खेळाडू, पगाराची चिंता, हे सगळं जवळून पाहायला मिळतं. कोचला नेमकं त्याच्याशीच झगडायचं असतं, म्हणून तुमचा अनुभव मला कमी वाटत नाही.

आता कामाचं. गुडघा पूर्ण बरा व्हायची वाट बघत बसू नका. याच हंगामात तुमच्या क्लबकडे लहान गटाचा संघ मागा, आणि सोबत ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या डी लायसन्स या कोचिंगच्या सुरुवातीच्या कोर्सची चौकशी जिल्हा संघटनेकडे करा. तो कोर्स करताना हाताशी रोजचा संघ असेल, तर शिकलेलं दुसऱ्याच दिवशी मैदानावर करून बघता येतं.