सगळ्या मजल्यांवरचा चहा

‘ताई, बार्शीहून पुण्यात येऊन सहा वर्षं झाली. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मान खाली घालून चोख काम करते. यंदा टीम लीडची जागा माझ्यानंतर आलेल्या मुलाला मिळाली. तो दिवसभर सगळ्या मजल्यांवर चहा पीत फिरतो. मला असं पुढंपुढं करणं जमत नाही, आणि वशिल्याने काही नकोय. काय करू?’
– एक वाचक, चिंचवड

अगं, राग येणारच. पण चहा पिताना तो काय बोलतो, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. रात्री रिलीज अडकलं तर नेमकं कुणाला उठवायचं हे त्याला ठाऊक असेल, तर लीडचं निम्मं काम तो आधीपासूनच करत होता.

भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पर्सोनेलला होते. बढतीच्या बैठकीत नावं वाचली जायची आणि एखाद्या नावाला सगळे गप्प. वाईट बोलायला कुणी नाही, चांगलं बोलायलाही नाही. ते नाव पुढच्या वर्षावर जायचं. एकदा मीही तशी गप्प बसले. त्या बाईंचं काम मी पाहिलेलंच नव्हतं, बोलणार काय?

तू डबा कुणाबरोबर खातेस? त्याच चौघींबरोबर असणार. त्या जिवाभावाच्या असतील, पण तुला कळतं तेवढंच त्यांनाही कळतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं, ओळखीतून खबर मिळाली ती कुणाकडून? १९७३ साली त्याने ते छापलं. नेहमी भेटणाऱ्याकडून मिळाली असं सांगणारा सहांत जेमतेम एक निघाला. बाकीच्यांची खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडची होती.

म्हणून तुझ्या जुन्या प्रोजेक्टवरचे, आता बाणेर-खराडीला गेलेले लोक आठव. एकीला मेसेज टाक: ‘तुमच्याकडे ऑटोमेशन कसं करता, वीस मिनिटं समजावशील का?’ प्रश्न खरा हवा. ‘काही ओपनिंग असेल तर बघ’ हे पहिल्याच मेसेजमध्ये नको, समोरचा लगेच अंग चोरतो. तिने सांगितलेलं करून पाहिलंस की महिन्याभराने तिला कळव. हे बहुतेक जण विसरतात. कुणी तोंडावर नाही म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस, पुण्यात राहतेस तू.

मॅनेजरलाही सरळ विचार, ‘माझ्यात काय कमी पडलं?’ अप्रेझलची वाट बघू नकोस. उत्तर गुळमुळीत आलं तर बाहेरच्या ओळखी आणखी लवकर कर.

आणि हो, त्या मुलाकडे आधी जा. सीनियरांवर लीड झालेल्याला पहिले काही महिने टीममध्ये कुणी धड विचारत नाही. या खेपेचा चहा तू पाज.