वर्गात १४ मुलं आणि वर्षाला २२,००० डॉलर

ताई, नमस्कार. तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला आलो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर, मला अजून कामाची परवानगी नाही. मुलगी पाचवीत आहे. घरी अखंड बडबड, शाळेत मात्र तोंड मिटलेलं. तिच्या टीचर दर कॉन्फरन्सला एवढंच सांगतात, "काही त्रास नाही हो, गुणी मुलगी आहे." पुढच्या वर्षी मिडल स्कूल, म्हणजे शेकडो मुलं. घरापासून सात मैलांवर आठवीपर्यंतची एक छोटी प्रायव्हेट शाळा आहे. सगळी मिळून ११० मुलं, वर्गात १४. आम्ही बघायला गेलो तेव्हा मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होत्या. मला तिथेच भरून आलं. फी २२,००० डॉलर. धाकटा पहिलीत आहे. नवरा म्हणतो, शाळा बघूनच इथे घर घेतलं, आता वर फी कशाला? सासूबाई फोनवर म्हणतात, आमच्या वर्गात साठ जण होतो, कोण मागे राहिलं? काय करू?
— एक आई, एडिसन

तुमच्या पत्रातली फी मला तितकी टोचली नाही. टोचलं ते "काही त्रास नाही" हे वाक्य. पंचवीस मुलांच्या वर्गात टीचरचं लक्ष कुणाकडे जातं? जो दंगा करतो त्याच्याकडे, आणि जो सारखा हात वर करतो त्याच्याकडे. गप्प मूल टीचरला त्रास देत नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. मुलीला त्रास नाही, असा तो होत नाही.

नवीन भाषेत येऊन पडलेलं मूल सुरुवातीचे काही महिने गप्प असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तीन वर्षं झाली, इंग्रजी समजतं, घरी बडबड चालू, आणि शाळेत शब्द नाही, हे एकदा जाणकाराने बघावं. सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाचा चिंतेचा एक प्रकार असतो, त्यात मुलाला ठरावीक ठिकाणी बोलताच येत नाही. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीला तेच आहे असं म्हणत नाही. कदाचित ती स्वभावानेच मितभाषी असेल आणि घरी तुमच्यापुढेच खुलत असेल. पण २२,००० डॉलर भरण्याआधी हे फुकट कळू शकतं, आणि तेही आत्ता, ती पब्लिक शाळेत असतानाच.

तुमच्या गावच्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलांचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाला, लेखी कळवा: मुलीचं मूल्यमापन हवं आहे, कारणं ही ही. तोंडी नको, कॉन्फरन्समध्ये सहज बोलता बोलता तर नकोच. लेखी विनंती पोचली की न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे २० दिवसांत बैठक घ्यावी लागते, मूल्यमापन करायचं की नाही ते त्या बैठकीत ठरतं. करायचं ठरलं आणि तुम्ही संमती दिलीत, तर चाचण्या, अहवाल आणि गरज असल्यास आय.ई.पी. (त्या मुलासाठी खास आखलेला शिक्षणाचा आराखडा) लागू करणं हे सगळं ९० दिवसांत व्हायला हवं. आपल्याकडे "स्पेशल एज्युकेशन" म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं, मला माहीत आहे. "लोक काय म्हणतील" आधी येतं आणि पोर मागे राहतं. ते कागद गोपनीय असतात, आणि त्यावर मुलीच्या कपाळी कुणी शिक्का मारत नाही.

आता हे आधीच का, तर आय.ई.पी. हा पब्लिक शाळेतल्या मुलाचा कायदेशीर हक्क आहे. आपण होऊन मुलाला प्रायव्हेट शाळेत घातलं की त्याच प्रमाणात मदत मागायचा वैयक्तिक हक्क राहत नाही. न्यू जर्सी त्यातल्या त्यात उदार आहे. ना-नफा प्रायव्हेट शाळांतल्या मुलांनाही राज्याच्या निधीतून मूल्यमापन, स्पीच थेरपी, इंग्रजीची शिकवणी असं काही मिळू शकतं. शाळांच्या भाषेत याला "१९२-१९३" म्हणतात. त्या छोट्या शाळेत फोन करून एवढंच विचारा, "तुमच्याकडे १९२-१९३च्या सेवा कोण देतं, आठवड्यातून किती वेळा येतात?" पलीकडून "ते काय असतं?" असा सूर आला, तर तिथे मदत म्हणजे मायेने डोक्यावरून फिरवलेला हात. तोही लागतोच, पण तेवढ्याने भागेल का, हे आधी कळलेलं बरं.

आता छोट्या शाळेबद्दल. ती दारातली हाक खोटी नाही. माझा धाकटा तीन वर्षं अशाच एका शाळेत होता, वर्गात ११ मुलं. पहिल्या वर्षी तो फुलला. कुठल्या मुलाने डबा खाल्ला नाही हे टीचरला ठाऊक असायचं. नाटकात प्रत्येकाला काम, कारण नाही दिलं तर नाटकच उभं राहायचं नाही. "मला येत नाही" म्हणून मागच्या बाकावर लपायची सोय नव्हती, कारण मागचा बाकच नव्हता. तुमच्या मुलीसारख्या पोरीला याचा खरा फायदा होऊ शकतो. शिवाय नव्या शाळेत "ही बोलत नाही" हे कुणाला माहीत नसतं. पाटी कोरी मिळते.

दुसऱ्या वर्षी त्याचा जिवलग मित्र टेक्सासला गेला. ११ मुलांत सहा मुली, उरलेल्या चार मुलांची आपापली जोडी. मोठ्या शाळेत अशा वेळी मूल दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतं. इथे दुसरं टेबलच नव्हतं. कुणी त्याला छळलं नाही, चिडवलं नाही, पण पुढचं दीड वर्ष तो एकटा जेवला, हे मला फार उशिरा कळलं. तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, दोन टीचर त्यांच्यामागे गेल्या, आणि सप्टेंबरात इमारत तीच, शाळा दुसरी. तेव्हा उमगलं की आपण फी भरतो ती पाच-सहा माणसांसाठी. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये एक प्रिन्सिपॉल गेला तरी गाडा चालत राहतो.

म्हणून तुमच्या त्या दारातल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या प्रेमात पडलात तसंच त्यांचं वयही विचारा. म्हणजे अगदी वय नका विचारू! किती वर्षं इथे आहात, पुढच्या पाच वर्षांत काय योजना आहे, गेल्या तीन वर्षांत किती टीचर बदलल्या, एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही. आणि थोडं घरबसल्याही कळतं. शाळा ना-नफा संस्था असेल तर ती दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, फॉर्म ९९० भरते, आणि तो कुणालाही बघता येतो. त्यात जमा, खर्च, शिल्लक, वरच्या पदांचे पगार सगळं असतं. लागोपाठ तीन वर्षं खर्च जमेपेक्षा जास्त दिसला आणि मुलांची संख्या घटत असली, तर ती शाळा दारातून कितीही गोड हाक मारो, जरा थांबा. (चर्चच्या शाळांना हा फॉर्म भरावा लागत नाही, आणि मालकाने नफ्यासाठी चालवलेल्या शाळेचा तो नसतोच.) अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाची मान्यता, कुणाची आहे तेही बघा, आपल्या भागात बहुधा मिडल स्टेट्स या संस्थेची असते. आणि शाळेच्या नावात मॉन्टेसरी असेल तर तेवढ्यावर भाळू नका. त्या शब्दावर कुणाची मालकी नाही, पाटी कुणीही लावू शकतं. टीचरचं प्रशिक्षण कुठल्या संस्थेचं, ते विचारायचं.

अभ्यासाचं म्हणाल, तर मला काळजी एकाच विषयाची, गणिताची. इंग्रजी, समाजशास्त्र, विज्ञान छोट्या शाळेत बरेचदा जास्त छान शिकवतात. पण १४ मुलांच्या वर्गाला गणिताच्या तीन पातळ्या परवडत नाहीत. आठवीत अल्जिब्रा झाला तर नववीत जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. आठवीत नाही झाला तर सगळं एक वर्ष पुढे सरकतं आणि कॅल्क्युलस गाठायला उन्हाळ्यात धावाधाव. प्रत्येक पोराने कॅल्क्युलस केलंच पाहिजे असं माझं मुळीच मत नाही, पण तो दरवाजा बाराव्या वर्षी नकळत बंद होऊ नये. त्या शाळेतून आठवी झालेली मुलं नववीत कुठे गेली आणि गणिताच्या कुठल्या वर्गात बसली, हे विचारा. चांगली शाळा हे तोंडपाठ सांगते. कारण तुमच्या मुलीला तीन वर्षांनी पुन्हा मोठ्या शाळेत जायचंच आहे. एडिसनची दोन्ही हायस्कूलं दोन-दोन हजारांवर मुलांची आहेत. १४च्या वर्गातून थेट तिथे. ही उडी सहावीत घ्यायची की नववीत, असाही हा प्रश्न आहे.

"पण संशोधन सांगतं ना, छोटा वर्ग चांगला?" असं मला नेहमी विचारतात. सांगतं, पण काय सांगतं ते नीट ऐकायला हवं. टेनेसी राज्याने १९८५ ते १९८९ या काळात मोठा प्रयोग केला होता. बालवर्ग ते तिसरीच्या मुलांना १३ ते १७ जणांच्या किंवा २२ ते २५ जणांच्या वर्गात चिठ्ठ्या टाकाव्या तसं वाटून दिलं. छोट्या वर्गातली मुलं पुढे गेली हे खरं. पण त्या पब्लिक शाळा होत्या आणि मुलं लहान होती. सहावीतल्या मुलीसाठी तो दाखला ताणू नये. उलट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ साली हजारावर मुलांच्या माहितीवरून दाखवलं, की घरची मिळकत आणि तत्सम गोष्टी हिशेबात घेतल्या की प्रायव्हेट शाळेतल्या मुलांची नववीतली आघाडी जवळपास विरून जाते. म्हणजे गुण वाढतील म्हणून २२,००० घालवू नका. ती शाळेत बोलायला लागेल म्हणून घालवणार असाल, तर ते कारण मला पटतं.

पैशाचं बोलू. तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत. न्यू जर्सीतला सरासरी मालमत्ता कर २०२४ साली पहिल्यांदाच वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेला, आणि त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. ते पैसे तुम्ही भरताच आहात. त्यावर २२,०००, आणि धाकट्यालाही घातलं तर त्याचे वेगळे. घातलं नाही तर "ताईला ती शाळा, मला का नाही?" याचं उत्तर तयार ठेवा. फीच्या वर ट्रिप, गणवेश, शाळा सुटल्यावरचं आफ्टरकेअर, आणि वार्षिक निधी. हा निधी गणपतीच्या वर्गणीसारखा: ऐच्छिक असतो, पण पावतीपुस्तक घेऊन दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. बसचं मात्र विचारून घ्या. शाळा ना-नफा असेल आणि घरापासून २० मैलांच्या आत असेल, तर डिस्ट्रिक्टला बस किंवा त्याऐवजी ठरावीक रक्कम द्यावी लागू शकते. सात मैल म्हणजे तुम्ही बसता त्यात.

पण खरी मेख करारात आहे. प्रायव्हेट शाळेचा प्रवेश हा वर्षाचा करार असतो. बऱ्याच करारांत एक तारीख लिहिलेली असते. तिच्यानंतर मूल काढलं तरी वर्षाची पूर्ण फी देणं लागतं. आता आपली गोष्ट बघा. एच-वन-बीवरची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा आवरायला जास्तीत जास्त ६० दिवस. तुमच्या घरात पगार एकच. ऑक्टोबरात नोकरी गेली, डिसेंबरात बॅगा भरल्या, आणि जूनपर्यंतची फी डोक्यावर, हे मी एका ओळखीच्या घरात पाहिलंय. म्हणून सही करण्याआधी ते कलम शोधा. नोकरी गेल्यास किंवा देश सोडावा लागल्यास सूट मिळेल का, हे विचारा आणि "हो" असेल तर ते करारातच लिहून घ्या, बाईंच्या गोड शब्दावर नको. फीचा विमाही मिळतो, पण त्यात नोकरी गेलेली धरतात की नाही, ते बारीक अक्षरात वाचा. पूर्ण वर्षाची फी बाजूला ठेवून वर सहा महिन्यांचा घरखर्च उरत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: या वर्षी नको.

परतीची वाट मात्र कायम उघडी आहे. तुम्ही त्या गावात राहता तोवर टाउनशिपच्या शाळेला मुलीला कुठल्याही महिन्यात फुकट घ्यावंच लागतं, एच-फोर व्हिसावर असली तरी.

सासूबाईंना सांगा, साठच्या वर्गात मागे राहिलेली मुलं होती. ती नंतर वर्गात दिसली नाहीत म्हणून आठवत नाहीत. सांगा म्हणजे, तुमच्या शब्दांत, जरा सांभाळून!

तर क्रम असा धरा. या आठवड्यात चाइल्ड स्टडी टीमला पत्र. सोबत टाउनशिपच्या मिडल स्कूलच्या कौन्सेलरला भेटा; शेकडो मुलं म्हणून तुम्ही आधीच घाबरला आहात, पण बऱ्याच मिडल स्कूलमध्ये मुलांचे छोटे गट करून तेच चार-पाच शिक्षक देतात. चित्रकला, ऑर्केस्ट्रा, बुद्धिबळ असं काय काय आहे ते बघा. न बोलणाऱ्या मुलीला व्हायोलिनच्या रांगेत मैत्रीण मिळालेली मी पाहिली आहे. मग करार आणि फॉर्म ९९०. आणि छोट्या शाळेत मुलीला एक पूर्ण दिवस एकटीला बसू द्या, बहुतेक शाळा तशी सोय करतात. तुम्ही आत थांबू नका. संध्याकाळी गाडीत "आवडली का गं?" असं विचारू नका, ती "हो" म्हणेल, कारण तुम्हाला ती आवडली आहे हे तिला केव्हाच कळलंय. डबा कुणाशेजारी बसून खाल्ला, ते विचारा. नाव सांगितलं तर मला कळवा.