उजनी भरली तरी टेलला पाणी का येत नाही

‘भीमेवरची उजनी शंभर टक्के भरली होती, तरी उन्हाळ्यात कालव्याच्या दुसऱ्या पाळीला टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, आमच्या फाट्यावर थेंब आला नाही. पुणे-इंदापूरवाल्यांनीच पळवलं ना?’ असं तुम्ही विचारलंय. त्यांचा वाटा आहेच, पण धरण भरलेल्या वर्षी उत्तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात शोधावं लागतं. दक्षिण सोलापुरात भीमेवर माझी मोटार तीस वर्षं आहे, त्यामुळं यात मीही आलो.

आधी टक्केवारीचं बघा. शंभर टक्के म्हणजे ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या खाली ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी आहे, तो या टक्क्यांत धरतच नाहीत. म्हणून धरण ‘मायनस’मध्ये जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ५९ टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलेही तीसेक टीएमसी संपले. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, लोक फोटो काढायला गेले. त्याच वेळी करमाळ्याच्या बाजूला माणसं मागं सरकणाऱ्या पाण्याच्या पाठीमागं चारी खोदत, केबलीला केबल जोडत मोटारी पुढं नेत होती. बहुतेक धरणग्रस्त. आणि करमाळा तर आपल्याच जिल्ह्यात! त्यांना पाणीचोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुण्याचं म्हणाल तर पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही सगळी आपल्या वर. ती भरल्याशिवाय दौंडहून उजनीत येणारा विसर्ग वाढत नाही. २०२३ ला पाऊस कमी झाला आणि उजनी साठ टक्क्यांवरच अडकली, तेव्हा ही तक्रार खरी होती. २०२१ ला इंदापूरसाठी पाच टीएमसीचा आदेश निघाला, आपल्याकडं आंदोलन पेटलं आणि तो रद्द झाला. तेही बरोबरच झालं.

पण भरलेल्या वर्षी? सोलापूर शहराच्या पिण्यासाठी नदीत पाणी सोडतात, औजचा बंधारा भरतो, टाकळीहून उपसा होतो. एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडावे लागतात, कारण कोरड्या पात्रातून पंढरपूर, मंगळवेढा करत पाणी खाली यायला आठ-दहा दिवस लागतात आणि वाटेतली वाळू आधी पिते. मग आम्ही पितो. काठावरची वीज दोन तासांवर आणतात. त्या दोन तासांत सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि बंधाऱ्याच्या भिंतीवरची ओली रेघ बघता बघता हातभर खाली येते. एका वर्षी तर वीज गेल्यावर मी डिझेल इंजिन लावून उसाचं एक पाणी काढलं होतं. कागदावर ते पाणी शहरानं प्यायलं.

आता हिशोब करा. उजनीहून शहराला थेट पाणी आणणारी, रोज १७० दशलक्ष लिटरची समांतर जलवाहिनी वर्षभर पूर्ण चालली तरी सव्वादोन टीएमसीसुद्धा लागत नाहीत. नदीत एकदा सोडतो त्याच्या निम्म्याहून कमी! हे सगळ्यांना माहीत आहे. तरी नदीचं आवर्तन, म्हणजे नदीत पाणी सोडणं, बंद करा म्हणायला काठावरचा कुणी पुढारी तयार नाही. जिल्ह्यात तीसहून जास्त कारखाने, आणि काठावर नुसता ऊस. माझाही.

कालव्यावर हीच गोष्ट छोट्या मापात होते. पाळी टेलकडून हेडकडं, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडं, यायची असा नियम, पण हेडवाला रात्री दार उचलतो आणि पाणी सोडणारा पाटकरी एकटा किती फाट्यांवर फिरणार?

तेव्हा पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज मुदतीत भरा आणि पोच घ्या. अर्जच नाही तर तुमची मागणी हिशोबात धरलीच जात नाही. पाणीवापर संस्था असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर वीस-पंचवीस जणांच्या सह्यांनी, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी लेखी मागा : मागच्या आवर्तनात कालव्याच्या मुखाशी किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) होतं, तुमच्या फाट्याच्या तोंडाशी किती पोचलं, आणि किती दिवस. नदीच्या पाण्याचाही असाच बंधारावार आकडा मागा. मागच्या वेळी मी हे विचारलं, तेव्हा आमच्याच काठावरचे दोघे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.